बातमी तुडतुड्याची, फोटो नाकतोड्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान पाचवर तुडतुड्याची नवी जात सापडल्याची बातमी आहे आणि शेजारी फोटो आहे नाकतोड्याचा. आमच्याकडे पेपर साडेअकराच्या एसटीने येतो. पडवीत उघडून बसलो होतो, तेवढ्यात बागेत गवत काढणारा गडी पाणी प्यायला आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तरांनू, हो तर नाकतोडो!" त्याने चौथीत शाळा सोडली. आपल्या उपसंपादकांचे शिक्षण मी विचारत नाही.

नाकतोडा पान कुरतडून खातो. तुडतुडा सोंड खुपसून रस पितो, खेकड्यासारखा तिरका चालतो आणि नात्याने ढेकणाच्या घराण्यातला आहे. दोघेही उड्या मारतात, संबंध संपला. उड्यांवरूनच नाते ठरवायचे तर बेडकालाही पंक्तीला बसवा.

बरे, फोटो एक वेळ सोडला. बातमीत काय आहे? सत्कार कोणाच्या हस्ते झाला, शाल कोणी दिली, प्रास्ताविक कोणाचे, आभार कोणी मानले. तुडतुडा केवढा, रंग कोणता, कोणत्या झाडावर मिळाला, यातले एक अक्षर नाही. पत्ता काय, तर 'पश्चिम घाट'. पश्चिम घाट तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर आहे. तुडतुडा भरतो चार-पाच मिलिमीटर. आम्ही तो कुठे बघायचा?

नवी जात म्हणजे याआधी कोणाला दिसलीच नव्हती असे नव्हे. आमच्या आजोबांनाही ती दिसली असेल आणि त्यांनी मानेवरून झटकून टाकली असेल. जात नवी ठरते ती तिचे रीतसर वर्णन छापून येते आणि ज्यावरून वर्णन केले तो नमुना संग्रहात जपून ठेवला जातो तेव्हा. तुडतुड्यांत हे काम फार किचकट. वरून दोन जाती हुबेहूब सारख्या दिसतात, मग नराच्या पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून आतले जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. नुसती मादी हाती आली तर पुष्कळदा जाणकारही हात टेकतात. हे छापायचा आपल्याला संकोच वाटला असेल तर मी समजू शकतो, मी आठवी-नववीच्या वर्गांना तीस वर्षे शास्त्र शिकवले आहे. पण लांबी छापायला कसला आला आहे संकोच?

मला हे एवढे झोंबायला कारण आहे. १९९८ साली पौषात मोहोर ऐन भरात होता. हापूसवरचे तुडतुडे आम्हा बागायतदारांना ओळखू येतात. पाठीवरच्या त्रिकोणात दोन ठिपके असलेला थोराड, तीन ठिपक्यांचा आणि पंखांवर पांढरा पट्टा असलेला मधला, आणि सगळ्यांत बारका, ज्याच्या डोक्यावरही ठिपके असतात. थोराडाचे शास्त्रीय नाव ॲम्रिटोडस ॲटकिन्सोनी. लेथिएरी नावाच्या फ्रेंच माणसाने १८८९ मध्ये त्याचे वर्णन केले. नावात अमृत आणि करणी अशी, की खार, म्हणजे त्याची चिकट विष्ठा, पडून अख्खे कलम काजळी फासल्यासारखे होते. तर त्या वर्षी बांधावरच्या रायवळावर, म्हणजे कलम न केलेल्या गावठी आंब्यावर, मला या तिघांत न बसणारा एक दिसला. तोंडावर आडवा काळा पट्टा. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट घालून दहा-बारा जमवले, बाहेरून चिठ्ठी डकवली, तीवर तारीख, गाव, झाड लिहिले आणि एसटीने जाऊन एका सरकारी कार्यालयात बाटली दिली. साहेबांनी ती उजेडाकडे धरली. "मेलेत ना? मग झालं की, मास्तर!" आणि कागदावर फवारणीचे औषध लिहून दिले. दहा लिटर पाण्याला किती मिली, ते मात्र अगदी चोख.

महिन्याने चौकशीला गेलो. बाटली टेबलावरच होती. आत टाचण्या. चिठ्ठी तशीच डकवलेली, रायवळ आंबा, खाली माझे अक्षर.

तो नवा होता असे माझे म्हणणे नाही. जुन्यांपैकीच कोणी असेल, कोणी बघितले असते तर कळले असते. पण काल बातमी दिसल्यावर मी चष्मा पुसून आधी शोधला तो तोंडावरचा पट्टा, आणि हाती लागले आभारप्रदर्शन.

दोष एकट्या आपला नाही, हेही कबूल. मराठीत टुणकन उडेल तो तुडतुडा. भातावरचा तपकिरी तुडतुडा तर वेगळ्याच कुळातला, तरी नाव तेच. म्हणून तर दोन ओळी वर्णन हवे होते.

तेव्हा कृपा करून लांबी, रंग आणि झाड एवढे तरी पुन्हा छापावे. जागा कमी पडत असेल तर सत्काराच्या फोटोतली उजवीकडची दोन-तीन माणसे कापली तरी चालतील, ती दर आठवड्याला असतातच.

ता. क. मोजमापाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. हंगामात आपण वाशीचा हापूसचा भाव 'पेटीला' इतका असा देता. पेटी चार डझनांची की सहा, हे एकदाही लिहिलेले नसते. त्या आकड्यावरून दलाल आमच्याशी बोलतात आणि मुंबईचे पाहुणे फोन करून आम्हालाच महाग म्हणतात.

आपला,
एक वाचक, ता. देवगड
(नाव छापू नये. ते कार्यालय अजून तिथेच आहे.)