तुझो पाय खंय आसता?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना,

साष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही आमची गाडी दुरुस्त केलीत आणि पैसे घेतले नाहीत. चहा ठेवला तोही अर्धा टाकून पाणी आलं म्हणून वर पळालात. तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या पप्पांची झेन तुम्हाला ठाऊकच आहे. १९९७ ची, कार्बोरेटरवाली (म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली). तीनदा पासिंगचं नूतनीकरण झालंय, दरवेळी ग्रीन टॅक्स भरलाय. आईला आठवड्यातून दोनदा सायनला फिजिओथेरपीला न्यायला तीच बरी पडते, कारण टॅक्सीत चढताना तिचा गुडघा वळत नाही. तर ही गाडी दोन महिने सिग्नलला थरथरून बंद पडत होती. हिंदमाताला, दादर टीटीला, किंग्ज सर्कलला. चालत्या रस्त्यावर काही म्हणजे काही नाही, पिकअप झकास. थांबलं की आचके, आणि मागच्या बसचा हॉर्न. आई मागे बसून रामरक्षा म्हणायची.

ज्या गॅरेजमध्ये नेत होते तिथे एकाच फेरीत निदान झालं: 'मॅडम, मिसिंग करतेय', म्हणजे एखादा सिलिंडर मधेच काम सोडतोय. प्लग बदलले. मग प्लगच्या वायरी. मग पेट्रोल पंप. साडेआठ हजार गेले. शेवटी त्यांनी स्लोचा स्क्रू (थांबलेल्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा) आवळून दिला आणि आठवडाभर गाडी घुरघुरत का होईना, पण बंद पडेना. मला वाटलं सुटले. पेट्रोल मात्र पाण्यासारखं जात होतं आणि क्लच सोडला की गाडी आपणहून पुढे पळायची. पुन्हा बंद पडायला लागली तेव्हा ते म्हणाले, आता अख्खा कार्बोरेटरच बदला.

त्या रविवारी तुम्ही जिन्यातून उतरताना मी बोनेट उघडून उगाच आत बघत होते. (मला आत काय दिसणार होतं, देव जाणे.) तुम्ही बोनेटकडे पाहिलंही नाहीत. म्हणालात, "माका पयला सांग, बंद कधी पडता? थंड आसताना की गरम झाल्यावर?" दोन्ही वेळी, मी म्हटलं. "न्यूट्रलला की गिअरात?" न्यूट्रलला. मग तुम्ही कुणीच न विचारलेलं विचारलंत. "आणि तेव्हा तुझो पाय खंय आसता?"

ब्रेकवर. आणखी कुठे असणार?

तुम्ही हसलात, पण लगेच तिथे गेला नाहीत. आधी स्क्रू सैल करून गाडी पहिल्यासारखी स्लोवर आणलीत. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरलीत, ती एका लयीत फडफडली. चालू इंजिनाच्या एकेक प्लगची वायर कापडात गुंडाळलेल्या पकडीने काढून लावलीत. चारही वेळा इंजिन सारखंच लंगडलं, म्हणजे चारही सिलिंडर कामावर हजर. इस्त्रीची पाण्याची बाटली आणून मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या, सांध्यांवर आणि रबरी पाइपांवर फवारा मारलात, कारण गाडी कुठे एअर घेत असेल तर पाण्याने आवाज क्षणभर बदलतो. बदलला नाही. डेपोत तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं करायची गरज होती का, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, आपला तर्क खरा मानण्यापूर्वी तुम्ही बाकीचे एकेक निकाली काढत होतात.

मग मला आत बसवून म्हणालात, सिग्नलला करतेस तसं कर. मी ब्रेक दाबला. पायाशी बारीक हिस्स आवाज आला आणि गाडी आचके देत बसली. पाय काढला, सावरली. गॅरेजमध्ये गाडी हँडब्रेकवर उभी असायची, पेडलवर कुणाचाच पाय नसायचा. मग तिला काय होणार?

तुम्ही बूस्टरचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीने ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा, पाइप पकडीत चिमटलात आणि पुन्हा दाबायला सांगितलंत. पेडल दगडासारखं कडक, पण इंजिन शांत. मग कागदावर काढून दाखवलंत: ब्रेकच्या बूस्टरमध्ये रबराचा पडदा असतो. पाय वर असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनाची ओढ सारखीच, म्हणून फाटलेला असला तरी कळत नाही. पाय दाबला की मागच्या बाजूला बाहेरची हवा येते, आणि फाटक्या पडद्यातून ती थेट इंजिनात शिरते. कार्बोरेटरला त्या हवेचा पत्ताच नाही, तो पेट्रोल आपल्या हिशेबानेच सोडणार. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, ते मुळात चिमूटभर हवेवर जगतं, तिथे एवढी फुकटची हवा जड जाते. भरधाव गाडीला तिचं काही वाटत नाही.

तेव्हा कुठे माझ्या पोटात गोळा आला. मी दोन महिने आयडलिंगची तक्रार करत होते आणि बिघाड होता ब्रेकमध्ये! हिंदमाता पुलावरून उतरताना पेडल जड लागतंय असं मला वाटायचं, पण तो दोष मी माझ्या सँडलला देत होते.

तुम्ही गाडीची चावी तुमच्याच खिशात ठेवलीत, त्याचा तेव्हा थोडा राग आला होता. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना बूस्टर स्वस्तात मिळतो, असं मी म्हणाले तर तुम्ही नुसतं बघितलंत. "ब्रेकचा सामान जुना घेवचा नाय." नवा आणला, चाळीच्या दारातच बसवला. गॅरेजने सांगितलेला कार्बोरेटर अजून जागच्या जागी आहे, स्क्रूला पुन्हा हात लागलेला नाही.

परवा किंग्ज सर्कलला तीन मिनिटांचा सिग्नल लागला. पाय ब्रेकवर होता, आणि आई झोपली होती.

काकूंची इस्त्रीची बाटली अजून आमच्या डिकीत आहे. त्या दोनदा विचारून गेल्या आणि मी दोन्ही वेळा विसरले. उद्या सकाळी वर आणून देते, त्यांना तेवढं सांगा.

तुमची,
तळमजल्यावरची झेनवाली