घर जाण्याआधीची मदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील बेघर माजी सैनिकांची बातमी मराठी वृत्तपत्रांत आली की वसईचे माझे नातेवाईक हमखास विचारतात, "सैनिकाला पेन्शन नसते का?" आपल्याकडे जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते, अमेरिकेत त्यासाठी साधारणपणे वीस वर्षे पूर्ण करावी लागतात. चार-सहा वर्षांत बाहेर पडणाऱ्याला ती मिळत नाही. सेवेत जडलेल्या दुखापतीचा भत्ता मिळू शकतो, पण तो मंजूर होईपर्यंत घरमालक थांबत नाही.

मी राहते त्या ओहायो राज्यात भाडे थकल्यावर घरमालक तीन दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जाऊ शकतो. आमच्या पॅरिशमधील (चर्चच्या धर्मग्रामातील) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेची सभासद म्हणून मी गेली सहा वर्षे अशा घरांत जाते. (१८३३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली ही संस्था वसई-मुंबईच्या वाचकांना आपापल्या चर्चमुळे ठाऊक असेल.) दोघांनी मिळून घरी जायचे आणि आधी ऐकून घ्यायचे, ही तिची जुनी रीत आहे. एका माजी नौसैनिकाने आमच्यापुढे बुटांचा खोका ठेवला. त्यात चार महिन्यांची न फोडलेली पाकिटे होती, कोर्टाचे समन्सही त्यातच. अंगातल्या शर्टाला मात्र कडक इस्त्री होती. "फोडायला हात धजत नाही," एवढेच ते म्हणाले. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही एकेक पाकीट उघडले, तेव्हा थकबाकी जेमतेम दीड महिन्याच्या भाड्याइतकी निघाली. चेक थेट घरमालकाच्या नावे दिला. ते आजही त्याच घरात राहतात.

एवढ्याशा रकमेपायी घर गेले असते, तर कोर्टातली नोंद पाहून पुढचा घरमालक दार उघडायला तयार झाला नसता. म्हणूनच माणूस रस्त्यावर येण्याआधी केलेली मदत मला सर्वांत मोलाची वाटते. सरकारलाही हे उमगले आहे. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी २०११ पासून दिल्या जाणाऱ्या केंद्रीय अनुदानातून थकलेले भाडे, डिपॉझिट, विजेचे बिल भरता येते, आणि हे अनुदान कॅथलिक चॅरिटीज, सॅल्व्हेशन आर्मी (नगरकरांची मुक्तिफौज) यांच्यासारख्या धार्मिक संस्थांमार्फतही पोहोचते. २०१० साली सुमारे ७४ हजार असलेली बेघर माजी सैनिकांची संख्या जानेवारी २०२४ च्या गणनेत ३२,८८२ पर्यंत खाली आली. त्याचे मोठे श्रेय सरकारी घरभाडे व्हाउचरचे आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु सरकारी निकषांत न बसणाऱ्यांचे भाडे चर्चच्या दानपेटीतूनच भरले जाते, आणि न फोडलेले पाकीट उघडायला सोबत बसणारे माणूस व्हाउचरबरोबर येत नाही. मदत घेणाऱ्याला त्याचा धर्म विचारू नये, प्रार्थनेची अट घालू नये, याबाबत मात्र मी आग्रही आहे.

हे मराठी वाचकांसाठी लिहिण्याचे कारण अग्निपथ योजना. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार असून बाकीचे चार वर्षांनी एकरकमी सेवानिधी घेऊन, पेन्शनविना घरी परततील. आपल्या देवस्थानांच्या आणि चर्चच्या धर्मादाय खर्चात अन्नदान असते, औषधोपचार असतो, शाळेची फी असते. त्यांत थकलेल्या घरभाड्यासाठीही एक खाते उघडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, ओहायो (मूळ वसई)