जॅकी वीव्हरला साठीत लॉटरी लागली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियन अभिनेत्री जॅकी वीव्हरवरचा छोटा लेख वाचला. बरं वाटलं, कारण ऑस्ट्रेलिया म्हटलं की पेपरात एकतर क्रिकेट नाहीतर निकोल किडमन, तिसरं कोणी सहसा येतच नाही. पण लेखाचा सगळा सूर असा की बाई इतकी वर्षं घरी बसून होत्या, मग 2010 साली 'अ‍ॅनिमल किंगडम' मिळाला, ऑस्करचं नॉमिनेशन आलं आणि 63व्या वर्षी नशीब फळफळलं. वाचायला छान आहे, पण तसं काही झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

जॅकी वीव्हरचा जन्म 1947चा, सिडनीचा. शाळकरी वयातच ती स्टेजवर आली. तेव्हा ऑस्ट्रेलियात स्वतःचा म्हणावा असा सिनेमा जवळपास नव्हताच, बाहेरचे लोक येऊन शूटिंग करून जायचे तेवढंच. 1970च्या सुमाराला सरकारने सिनेमासाठी पैसा द्यायला सुरुवात केली आणि तिथली इंडस्ट्री खऱ्या अर्थाने उभी राहिली, आणि या लाटेत ही बाई अगदी पहिल्यापासून आहे. टिम बर्स्टॉलचा 'स्टॉर्क' 1971चा, त्यासाठी तिला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचं बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं अवॉर्ड मिळालं. मग 1975ला पीटर वीअरच्या 'पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक'मध्ये मिनी नावाची मोलकरीण, रोल लहान पण त्या घुसमटलेल्या मुलींच्या शाळेत जिवंत माणूस वाटते ती हीच, आणि 1976ला 'कॅडी'साठी पुन्हा अवॉर्ड, या वेळी सपोर्टिंगचं. म्हणजे तिशी यायच्या आत दोन अवॉर्ड्स घरात! त्याच वर्षी टीव्हीवर 'डू आय हॅव टू किल माय चाइल्ड?' नावाची फिल्म केली, बाळंतपणानंतर मनाने खचलेल्या, पोटच्या पोराला इजा करेन की काय या भीतीने ग्रासलेल्या आईची. 1976 साली टीव्हीवर हा विषय, विचार करा.

आता यानंतरची जी 'गायब' वर्षं तुमच्या लेखात एका ओळीत उडवलीत ती बघू. फिल्मची यादी काढली तर 80 आणि 90च्या दशकात खरंच फार काही दिसत नाही. लहान चणीची, गोड चेहऱ्याची बाई, त्यामुळे तरुणपणी साच्यातले रोल आले आणि वय वाढल्यावर तेही आटले. पण याच काळात ती नाटकं करत होती, एकामागून एक, 'दे आर प्लेइंग अवर साँग' तिने जॉन वॉटर्ससोबत केलं, ते अख्खं म्युझिकल मुख्यतः दोन पात्रांच्या खांद्यावर असतं, गाणं, कॉमेडी, सगळं तिथेच आणि तेही रोज रात्री. पण नाटक संपलं की संपलं, इंटरनेटवर त्याचा व्हिडिओ सापडत नाही, मग सापडत नाही म्हणजे झालंच नाही असं आपण धरून चालतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

आणि 'अ‍ॅनिमल किंगडम' नीट बघितला तर ही सगळी वर्षं त्यात दिसतात. मेलबर्नमधलं गुन्हेगारांचं कुटुंब, त्याची आई जेनीन, सगळे तिला स्मर्फ म्हणतात. मोठ्या झालेल्या पोरांना ती ओठांवर किस करते, जरा जास्तच वेळ, आपल्याला बघताना कसंतरी होतं पण ती मात्र सतत हसतमुख, प्रत्येकाला स्वीटी स्वीटी करत बोलणारी. आणि त्याच आवाजात, भाजीची यादी सांगावी तसं, ती सख्ख्या नातवाचा काटा काढायची व्यवस्था लावते. आवाज चढत नाही, डोळे वटारत नाहीत. डायरेक्टर डेव्हिड मिशोने हा रोल लिहितानाच ती डोळ्यासमोर ठेवली होती, म्हणजे तिथल्या लोकांना ती माहीत होती, माहीत नव्हती ती हॉलिवूडला.

अजून एक गंमत जी लेखात यायला हवी होती. 2010च्या शेवटी अमेरिकेत तिच्या नावाची चर्चा रंगात आली होती तेव्हा बाई सिडनी थिएटर कंपनीच्या 'अंकल वान्या'मध्ये म्हाताऱ्या दाईचं काम करत होत्या. बरोबर केट ब्लँचेट, ह्यूगो वीव्हिंग, रिचर्ड रॉक्सबर्ग, आणि हिच्या वाट्याला मोजे विणत बसणारी, चहा देणारी बाई, संवाद मोजकेच. जानेवारीत नॉमिनेशन जाहीर झालं. नंतर ते नाटक 2011ला वॉशिंग्टनला आणि 2012ला न्यूयॉर्कला गेलं तेव्हाही ती त्यात होती, रोल तोच. ऑस्करचं नॉमिनेशन खिशात असताना छोट्या रोलसाठी एवढा प्रवास कोण करतं हो? आणि 2012च्याच 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक'साठी, त्यात ती रॉबर्ट डी नीरोची बायको आहे, तिला दुसरं नॉमिनेशन मिळालं. तेही लेखात नाही! दोन्ही वेळा ट्रॉफी दुसरीकडे गेली ते सोडा.

ऑस्ट्रेलियन अभिनेते जेफ्री रश यांच्याबद्दलही असंच लिहिलं जातं, 1996च्या 'शाइन'ने रातोरात स्टार वगैरे, तेव्हा ते चाळिशी पार केलेले होते आणि मागे कितीतरी वर्षांचं नाटक होतं.

तर विनंती एवढीच की पुरवणीत अशा कलाकारांवर लिहाल तेव्हा त्या शेजारच्या चौकटीत 'गाजलेले चित्रपट' देता तशी नाटकं आणि टीव्हीची कामंही द्या, आणि जागा कमी पडत असेल तर तो रेड कार्पेटवरचा फोटो थोडा लहान करा.

आपली,
एक नियमित वाचक