पट्टा हातात धरून बाहेर पडताना

प्रिय मित्रा,

तुझ्या जनावरांच्या दवाखान्याचा नकाशा मिळाला. शस्त्रक्रियेची खोली, एक्स-रे, सगळं नेटकं बसवलंयस. पण पुढची, लोकांनी थांबायची खोली मात्र माणसांच्या दवाखान्यातून उचलून आणल्यासारखी वाटते. समोरासमोर खुर्च्या! म्हणजे इकडचा कुत्रा तिकडच्या मांजराकडे अर्धा तास टक लावून बसणार. अरे, निम्मी भांडणं नुसतं एकमेकांना दिसण्यानं होतात. मध्ये छातीएवढी आडभिंत घाल. मांजरांचा कोपरा वेगळा कर आणि तिथे पेट्या ठेवायला कमरेच्या उंचीची फळी लाव. पेटी जमिनीवर ठेवली की येणारा-जाणारा प्रत्येक कुत्रा नाक खुपसून जातो. आमची मांजर चिंगी अशाच एका फेरीनंतर दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नव्हती, आठवतंय ना?

चकचकीत फरशी तर नकोच. संधिवात झालेल्या कुत्र्याचे पाय तिच्यावर फाकतात, मग तो दारातच बसकण मारतो. न घसरणारं, बिनजोडाचं विनाइल घाल आणि कडेला गोलाई देऊन ते भिंतीवर वीतभर चढव. मूत फटीत मुरलं की वास हटत नाही, आणि पुढचा गडी नेमका तिथेच पाय वर करतो. पिल्लांना जुलाब-उलट्या लावणारा पार्व्होचा विषाणू तर महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या बऱ्याच जंतुनाशकांना दाद देत नाही. जुलाब-उलट्या होणारं पिल्लू या खोलीत येताच कामा नये. त्याला गाडीतच थांबवून बाजूच्या दारानं थेट आत घ्यायचं.

वजनकाटा फरशीच्या पातळीत बसव, म्हणजे कुत्रा चालता चालता त्यावर उभा राहील. काउंटरला पट्टा अडकवायला आकडा हवा, पैसे मोजायला दोन्ही हात लागतात. रंगांवर फार डोकं खपवू नकोस, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळतच नाही. त्यापेक्षा आवाज सांभाळ. माणसाची मजल २० किलोहर्ट्झपर्यंत, मांजर ६० च्याही पुढचं ऐकतं. आपल्याला शांत वाटणारं यंत्र त्याच्या कानाशी किंचाळत असू शकतं.

आणि एकच दार का ठेवलंयस? आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं घेऊन गेलो, तेव्हा परतताना माझ्या हातात नुसता पट्टा होता. समोर खेळकर पिल्लं घेऊन बसलेली माणसं, आणि मी बिलाच्या रांगेत. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, पण नजर कुठे ठेवावी कळेना. तपासणीच्या खोलीला मागून दार काढता येईल का? पैशांचं आधीच उरकून घेता येईल, किंवा नंतर.

त्या भिंतीची मापं पाठव. रविवारी पेन्सिल घेऊन बसतो.

तुझा,
बाळ्या