लेकराला बापाचं नाव घेऊ द्या

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं. तुमचा आवाज ऐकला की पुढचं सुचत नाही, म्हणून लिहिते आहे. दोघं मिळून वाचा आणि मग वहिनीलाही द्या.

आई, दादाच्या ओम्याबद्दल तू परवा म्हणालीस, "पोराला काहीच कसं वाटंना? रडंना, बोलंना. बघावं तवा मोबाईल, न्हाई तर क्रिकेट." बाबा म्हणाले, दहावीचं वर्ष आहे, जरा समज द्यायला पाहिजे. त्याबद्दलच सांगायचं आहे. तुम्हाला सांगू का, असं मी ओम्याला आधी विचारलं. तो म्हणाला, "सांग, पण मी तिथं नसताना."

दादा गेला तरी त्याच्या नंबरला मी अजून रिचार्ज करते. ओम्यानंच तसं करायला लावलं. नंबर बंद पडला तर कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते, ही त्याला धास्ती आहे. रात्री सगळे झोपले की तो त्या नंबरवर लिहीत बसतो. सोयाबीनवर फवारणी झाली, बैलाच्या पायाला लागलंय, गणिताचं काहीच कळंना. गेमही खेळतो, ते खोटं नाही. पण तुम्हाला दिसतो त्या मोबाईलमध्ये हेही आहे.

घरात का बोलत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "पप्पांचं नाव घेतलं की मम्मी रडती, आजी आत जाती, आजोबा शेताकडं निघतात. मग मी घेतच नाही."

हे वाचून जिवाला लावून घेऊ नका. तुमचा लेक गेला आहे, तुम्ही कुणासमोर कसं बसावं हे मी कोण सांगणार? पण पंधरा वर्षांचं लेकरू तुमच्याकडं बघून ठरवतंय की या घरात बापाबद्दल बोलायचं नसतं.

आणि दुसरं. दादाला अग्नी त्यानं दिला, गंगाखेडला गोदावरीत अस्थी त्यानं सोडल्या. तेराव्याला मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून बसला होता, तेव्हा येईल तो खांद्यावर हात ठेवून सांगत होता, "आता तूच घरचा कर्ता. आईला सांभाळ." माणसं चांगल्या मनानंच बोलली. पण मिसरूड फुटायच्या आत कर्ता झालेल्या पोरानं रडायचं कुठं? म्हणून तो चिडतो, ताटावरून उठतो, रात्रभर जागतो आणि वर्गात पेंगतो. वाचलेलं पान डोक्यात राहत नाही, ते आळसानं नाही. या वयात दुःख असंच वागतं, दोन तास मैदानावर हसतं आणि घरात पाऊल टाकलं की गळ्याशी येतं. तो हसताना दिसला तर बापाला विसरला असं समजू नका. उलट खेळू द्या.

आई, तुला मी काय शिकवणार? हे तू आधी केलेलं आहेस. १९९३ च्या भूकंपात सास्तूरला मामा-मामी गेले आणि विठूदादा आपल्याकडं आला, तेव्हा तोही एवढाच होता. विसर्जनाहून येऊन झोपलेली माणसं पहाटे दगडमातीखाली गेली, त्यातून तो एकटा हाती लागला. माळवदाखाली यायलाच तयार नव्हता. मी लहान होते, पण आठवतं, तू त्याला ओढून आत नेलं नाहीस. अंगणात लिंबाखाली त्याचं अंथरूण घातलंस आणि शेजारी स्वतःचं. शेजारणी म्हणायच्या, किती दिवस लाड करणार? थंडी पडली तरी तू बाहेरच झोपलीस. तुझा सख्खा भाऊ गेला होता, तरी तू भाकरी वाढताना म्हणायचीस, "शेंगदाण्याची चटणी तुझ्या मायला लई आवडायची." तो ताट सोडून उठायचा. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा मामीचं काहीतरी काढायचीसच. असं करता करता एका रात्री तो स्वतःच बोलायला लागला आणि तुम्ही दोघं रडलात. मी गोधडीत जागी होते.

त्याला जे दिलंस तेच ओम्याला दे. त्याच्यादेखत दादाचं नाव घे. रडू आलं तर येऊ दे, आत जाऊ नकोस. आजीला रडताना बघितलं तर त्यालाही रडता येईल.

बाबा, तुम्हाला एकच मागणं आहे. यंदा टक्क्यांचं बोलू नका. 'बापाचं नाव काढ' असं पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं तर त्यांनाही थांबवा. लातूरच्या क्लासचं पुढच्या वर्षी बघू.

एका गोष्टीवर मात्र नजर ठेवा. 'जगून काय करू', 'मी पण पप्पांकडं जातो' असं काही बोलला, जेवण तोडलं, स्वतःला इजा केली किंवा जिवापाडच्या वस्तू वाटायला लागला, तर पोरकटपणा म्हणून सोडू नका. सरळ विचारा, मरायचे विचार येतात का? विचारल्यानं ते डोक्यात भरत नाहीत. त्याला एकटं ठेवू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि मला फोन करा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. लातूरच्या सरकारी दवाखान्यातही मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. गाव काय म्हणेल हा विचार तेव्हा नको. औषधांना कुलूप मात्र आजच लावा.

पोळा आलाय. वर्षाच्या आत सण नाही, पुरणाचा स्वयंपाक नाही, ते मला कळतं. पण आदल्या संध्याकाळची खांदेमळण चुकवू नका. दादा बैलांच्या खांद्याला हळद-तूप स्वतःच लावायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. बाबा, यंदा ओम्याला सोबत घ्या. दादा लहानपणी बैलाच्या पाठीवरून ओढ्यात पडला होता ती गोष्ट त्याला सांगा. त्याला ती माहीत नाही, मी विचारलं.

विठूदादाशी बोलले आहे, तोही येतोय. त्याला ओम्याला घेऊन दोघंच शेतात जायचं आहे, तेव्हा मागं कुणाला पाठवू नका. मी खांदेमळणीच्या दिवशी सकाळी लातूरला उतरेन आणि एसटीनं येईन, घ्यायला येऊ नका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणते. वहिनीला सांगा, या खेपेला मी तिच्याजवळच झोपणार आहे.

तुमची,
माई