पोस्टातली ठेव मोडू नका

ती. बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शेजारची दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन विकायला निघाली आहे, असं मी फोनवर बोलता बोलता म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी तुमचा निरोप आला, की पोस्टातली ठेव मोडतो, जमीन जावयांच्या नावावर घ्या आणि काजूची कलमं लावा. आयुष्यभराची शिल्लक तुम्ही एका वाक्यात माझ्यापुढे ठेवलीत, त्या रात्री मला झोप लागली नाही. पण आम्ही ती जमीन घेणार नाही. नुसतं 'नको' म्हटलं तर लेक संकोच करते आहे असं तुम्हाला वाटेल, म्हणून सगळं लिहिते.

आधी भाताचं सांगते, कारण आई, तुला त्याचीच काळजी असते. आमच्या तीस गुंठ्यांपैकी दहा गुंठे भाताचे. लावणी चारसूत्री पद्धतीने करतो. दोरीवर खुणा केलेल्या असतात. दोन चुडांमध्ये एकदा 15 सेंटिमीटर अंतर, मग 25, पुन्हा 15. एका चुडात दोन-तीनच रोपं. जवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात बोटभर खोल खोचायची. दापोलीला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, वरून फेकलेलं खत इथे पाण्याबरोबर वाहूनच जायचं. चांगल्या साली तीन क्विंटलपर्यंत भात येतं, भरडून दोनेक क्विंटल तांदूळ. घरातल्या पाच माणसांना तो सात-आठ महिने जातो, मग दुकानातून आणतो. यांचा शाळेचा पगार आहे म्हणून घर चालतं. ही जमीन आम्हाला पुष्कळसं खाऊ घालते, पण मुलांचा शाळेचा खर्च, वीजबिल, औषधं पगारातूनच होतात.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने फार वाईट केलं. भात कापणीला आलेलं, आणि ओळीने दुपारची गडगड सुरू झाली. निम्मं शेत आडवं झालं, पाण्यात टेकलेल्या लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. मला रडू आलं, हे तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं. पण जे उभं होतं ते आम्ही सगळ्यांनी मिळून एका दिवसात कापलं, भारे पडवीत आणले, पंख्याखाली पसरले, आणि सासूबाई रात्री उठून उठून ते परतत होत्या. ते भात वाचलं. बाबा, शेत दहा गुंठ्यांचं होतं म्हणून ते पडवीत मावलं. आमच्या वाडीतल्या ज्यांची मोठी शेतं होती त्यांना गडी मिळेपर्यंत भात कुजलं, आणि मजुरी वर द्यावी लागली ती वेगळीच.

कोंबड्यांचं तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. मानमोडी आली, तिलाच राणीखेतही म्हणतात. सकाळी धडधाकट असलेली कोंबडी संध्याकाळी मान पिरगळून पडलेली असायची. आठवड्याभरात खुराडं जवळजवळ रिकामं झालं. धाकट्याची लाडकी तुऱ्याची कोंबडी गेली तेव्हा तो जेवला नाही. या रोगावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू पहिल्या आठवड्यात असतानाच लासोटाचा थेंब डोळ्यात नाहीतर नाकात टाकायचा. पण लशीची लहानात लहान कुपीसुद्धा शंभर पक्ष्यांची येते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा-बारा पिल्लांच्या घराने ती एकट्याने आणून करायचं काय? आता वाडीतल्या आम्ही पाच-सहा घरांनी ठरवलं आहे, खुडूक कोंबड्या एकाच सुमाराला अंड्यांवर बसवायच्या. एकविसाव्या दिवशी सगळीकडे पिल्लं निघतात, मग एकच कुपी आणतो आणि घरोघर थेंब टाकत फिरतो. मोठी लेक तर पिल्लू हातात असं धरते, की मी नुसती बघत राहते. पुन्हा घरची अंडी सुरू झाली आहेत. त्यांच्या बलकाचा रंग बघून तू म्हणशील, हे तर माझ्या माहेरचं अंडं.

वानरांवर मात्र अजून उपाय सापडलेला नाही. पडवळ, दोडकी, पपई, नारळाची कोवळी फळं, काही ठेवत नाहीत. खातात त्याच्या दुप्पट तोडून टाकतात. त्यांच्या त्रासाने कोकणात कितीतरी लोकांनी परसातली भाजी सोडली आहे. आम्ही वेल सोडले नाहीत, घराच्या अगदी भिंतीला आणले, आणि लांबच्या बाजूला हळद आणि मिरची लावली, तिकडे वानरं फारशी जात नाहीत.

पोफळींचं दुःख सासूबाईंचं आहे, मी त्यात नंतर आले. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा सासऱ्यांनी लावलेली सगळी रांग एका दुपारी आडवी झाली. नवीन पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने दुसऱ्या पावसाळ्यात वाकून स्वतःच्या हाताने रोपं लावली. आमसुलांचं सगळंही सासूबाईच बघतात: रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची सालं रसात भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा भिजवायची, आणि हे सगळं मेअखेर पाऊस यायच्या आत उरकायचं. यंदा पाऊस लवकर आला, अर्धी सालं बुरशीने गेली. उरली त्यांतली तुमची वाटी काढून ठेवली आहे.

आता त्या दोन एकरांचं. काजूचं कलम तिसऱ्या वर्षी धरू लागतं, हे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पण तोवर दरवर्षी गवत काढावं लागतं, नाहीतर मार्चमध्ये कुठून तरी वणवा येतो आणि बाग एका दिवसात जाते. इथे दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची जातेच. जांभ्याच्या कातळातून पाणी झरून जातं, इतका पाऊस पडूनही मे महिन्यात आमची विहीर तळ दाखवते, मग वरच्या माळावर कलमांना पाणी कुठून देऊ? शिवाय बीचा भाव आफ्रिकेतून किती काजू आला त्यावर हलतो, आपल्या कष्टावर नाही. दोन एकर घेतले तर गडी लागतील, गड्यांसाठी पैसा, पैशासाठी पीक विकणं, आणि मग मुलांबरोबर चिखलात उभं राहायला मला वेळ राहणार नाही. जेवढं आमच्या दहा हातांनी सांभाळता येतं तेवढंच मला हवं आहे. हे मी घाबरून म्हणत नाही, बाबा. भात भिजलं, कोंबड्या गेल्या, तरी दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा सुरुवात करता आली ती नुकसान आपल्या आवाक्यातलं होतं म्हणून. कर्ज किंवा तुमची ठेव त्यात अडकलेली असती तर मी इतक्या शांतपणे झोडणीला बसू शकले नसते.

ती ठेव तुमचीच राहू द्या. त्यातून आधी मोतीबिंदूचं उरका, डॉक्टरांनी सांगून किती दिवस झाले! आईच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवून घ्या, त्यात काटकसर नको.

आणि दिवाळी झाली की इकडे या. डोंबिवलीहून दिव्याला जाऊन सकाळची सावंतवाडी गाडी धरा आणि खेडला उतरा, हे रिक्षा घेऊन स्टेशनवर येतील. आई, तेव्हा शेतात उरलेल्या ओलीवर पावटा आणि कुळीथ पेरायचे असतील. येताना तुझ्याकडचं घेवड्याचं बी घेऊन ये, आणि बाबांना म्हणावं, जुनी चप्पल आणा, नवी इथे टिकत नाही.

तुमची,
ताई