एसएमपीएसपासून सुरुवात कर

इचलकरंजी
१५ जून २०२५

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

जुना कॉम्प्युटर गेमसाठी सुधारायची तुझी यादी मिळाली. मोबाइलवर अंगठ्याने एवढं सगळं लिहिणं मला जमत नाही, म्हणून दुकानातल्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय.

मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा, रॅम नवी, ग्राफिक्स कार्ड नवं, एकूण ४२ हजार. म्हणजे जुना राहतो तो कॅबिनेटचा पत्रा. माझ्याकडून २२ हजार मिळतील. त्यात काय होतं ते बघू.

पण आधी एक कबुली. तू आठवीत होतीस, २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आपण हा कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चा बोर्ड, ८ जीबीची एक रॅम आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड. सगळं तू शोधून काढलं होतंस. एसएमपीएस, म्हणजे सगळ्याला वीज पुरवणारा डबा, तेवढा मी निवडला. तू म्हणत होतीस चांगल्या कंपनीचा घेऊ, आणि मी कॅबिनेटसोबत येणारा घेतला, दीड हजार वाचवले. दुकानात हातात घेतला तेव्हाच हलका लागला होता. पंचवीस वर्षं मोटारी रिवायंडिंग करणाऱ्या माणसाला वजन कळत नाही असं नाही. प्लेटवर १ एचपी लिहिलेली आणि आत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार भरलेली मोटार मी उचलूनच बाजूला ठेवतो. त्या दिवशी मात्र गप्प बसलो, कारण बिल वाढत चाललं होतं.

आता कॅबिनेटची बाजू उघड आणि त्या डब्यावरचं स्टिकर वाच. मोठ्या अक्षरात ४५० वॅट दिसेल, तिकडे बघू नकोस. खाली बारीक रकाने आहेत, त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोध. मला आठवतं तसं तिथे १६ अँपिअर आहेत. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जगतं ते याच बारा व्होल्टवर. आजवर निभावलं, कारण १६५० फक्त ७५ वॅट घेतं आणि तेही बोर्डाच्या स्लॉटमधूनच. त्याला वेगळी वायर लागत नाही. तू जे आरएक्स ६६०० कार्ड म्हणतेस त्याला १३२ वॅट लागतात आणि आठ पिनची वायर लागते. आपल्या डब्याला ती वायरच नाही. दुकानदार दोन जुन्या पिनांवरून आठ पिन काढणारा जोड देईल, ‘चालतंय ताई’ म्हणेल. घेऊ नकोस. एका बारीक तारेवर दोन माग चालवल्यासारखं आहे ते. आधी जोड पिवळा पडतो, मग मऊ होतो.

तर पहिली वस्तू ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस, वीज कमी वाया घालवणाऱ्या ब्राँझ रेटिंगचा. मी चौकशी केली, ४,२०० पर्यंत येतो. पाच वर्षांची वॉरंटी लिहून देणाराच घे. या एका वस्तूत घासाघीस करायची नाही.

आता तुझं दुखणं. गेम गावात शिरला की झटके देतो आणि मोकळ्या रानात बरा चालतो, असं तू म्हणालीस. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघ. मला वाटतं तिथे रॅम काठोकाठ भरलेली दिसेल. आपल्या गल्लीत माग का उभा राहतो ते तुला माहीत आहे. मोटार धडधाकट असते, फक्त सुताची कांडी वेळेवर येत नाही. तसंच आहे हे. तेवढीच दुसरी ८ जीबीची पट्टी घे, त्याच स्पीडची, १,७०० ची. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव, म्हणजे दोन्ही वाटांनी माल येईल.

आणि तिथेच रॅमचा स्पीड दिसतो तोही बघ. पट्टीवर ३००० छापलंय, पण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, रॅम छापील स्पीडने चालवणारं एक्सएमपी चालू केलं नसेल तर ती २१३३ वर चालत असणार. आपण केलं होतं का? मला तर आठवत नाही. नसेल केलं तर सहा वर्षं आपण फुकटचा वेग टाकून दिला. हे आजच कर, पैसे लागत नाहीत.

कार्ड सेकंड हँड घे, १३ हजारांच्या वर जाऊ नकोस. ६६०० ला ८ जीबी मेमरी आहे, तुझ्या स्क्रीनला पुष्कळ झाली. आपला बोर्ड जुन्या पिढीचा आहे, त्यामुळे कार्डाचा थोडा वेग जाईल, तो जाऊ दे. खरी भीती मायनिंगची, म्हणजे आभासी चलन कमवायला राबवलेल्या कार्डांची. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. बिल असेल तरच बघायला जा. स्क्रू खरवडलेले आहेत का बघ, पंखे बोटाने फिरवून बघ, आणि समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांग. नंतर बंद करून वास घे. हसू नकोस. तापून गेलेली वाइंडिंग मी मीटर लावायच्या आधी नाकाने ओळखतो.

प्रोसेसर बदलायचा नाही. तुझा मित्र म्हणतो की विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार म्हणून नवा लागेल. पण २६०० विंडोज ११ ला चालतो, बायोसमध्ये एफटीपीएम नावाचं सुरक्षेचं सेटिंग चालू करावं लागतं एवढंच. शिवाय तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठच चित्रं दाखवतो तो, मशीनने शंभर काढली तरी वरची चाळीस तुला कुठे दिसणार? पुढे कधी मॉनिटर बदललास तर याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसेल. त्याआधी बायोस अपडेट करावं लागतं, आणि ते मात्र घरी येऊन, यूपीएस लावून करू. तुमच्या रूमवर मध्येच लाइट गेली तर बोर्ड जायचा. आणि प्रोसेसरवरचा कूलर ओढायचा नाही, हे तर तुला सांगायलाच नको. २०२२ मध्ये दोघांमधली पेस्ट वाळली होती आणि कूलरबरोबर प्रोसेसरच उपटून हातात आला होता. तू रडायच्या बेतात होतीस. वाकलेल्या दोन पिना मी तुझ्या कंपासमधल्या पेन पेन्सिलीचं शिसं काढून, त्या नळीत एकेक पिन धरून सरळ केल्या. त्या वेळी माझाही हात थरथरत होता, तुला दिसू दिला नाही. आता काढायचा असेल तेव्हा आधी दहा मिनिटं गेम चालवायचा, मशीन बंद करायचं, आणि कूलर हलके हलके पिळत उचलायचा.

एसएमपीएस, रॅम, कार्ड मिळून १८,९०० झाले. उरलेले ३,१०० खर्चू नकोस. तुझा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो आणि त्याची बॅटरी आता म्हातारी झालीय. नवं कार्ड लावल्यावर तो ओरडायला लागला तर बॅटरीला पैसे लागतील. वेगवान डिस्कचं, एसएसडीचं, पुढच्या वर्षी बघू.

आई विचारते, हे सगळं परीक्षेच्या आधी की नंतर. मी ‘नंतर’ म्हणून मोकळा झालोय, तू सांभाळून घे.

जुना एसएमपीएस उघडू नकोस, वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. भंगारातही देऊ नकोस. गणपतीला येताना पिशवीत घालून आण, मला तो काट्यावर ठेवून बघायचाय.

तुझे,
पप्पा